सफरचंद : पानांचा रिपोर्ट उत्तम, तरी फळांवर डाग. फळ परीक्षणावर भरवसा ठेवावा का?

कोटखाईची_सून
सासर शिमला जिल्ह्यात, कोटखाईजवळ. रॉयल जातीची जुनी झाडं आहेत आणि एम ९ या झाड बुटकं ठेवणाऱ्या खुंटावरची नवी लागवड. गेल्या हंगामात नव्या झाडांची मोठी, देखणी फळं कोल्ड स्टोअरमधून काढली तर बुडाकडे तपकिरी खळगे, खाली कोरडा गर. पानांत कॅल्शियम १.६ टक्के, म्हणजे छानच. तोडणीआधी फळंही तपासून घेतली होती : नत्र ०.४, पोटॅशियम ०.९, कॅल्शियम ०.०२ टक्के. शेजारी म्हणतात, रंगासाठी पोटॅश (पोटॅशियमचं खत) वाढवा. काय करू?

निफाडचा_द्राक्षवाला
आमचं सगळं देठ परीक्षणावर चालतं, सफरचंदातलं कळत नाही. पण टक्के कोरड्या वजनावरचे की ताज्या?

कोटखाईची_सून
कोरड्या. गर आणि साल एकत्र, बिया काढून.

पालापाचोळा
दादांनी नेमकं विचारलं. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी, म्हणून कोरड्या टक्क्यांना १५० ने गुणा, की १०० ग्रॅम ताज्या फळातले मिलिग्रॅम मिळतात. तुमचं कॅल्शियम ३, पोटॅशियम १३५, नत्र ६०. साठवणुकीच्या कॉक्स जातीसाठी इंग्लंडमध्ये कॅल्शियम ४.५ ते ५ च्या खाली नको असं मानतात. नत्र ५० ते ७०, पोटॅशियम १३० ते १६०. जात वेगळी आहे, तरी अंदाजाला पुरे. पोटॅशियम भागिले कॅल्शियम ३० च्या आत हवं, तुमचं ४५. हे बिटर पिटच, म्हणजे फळात कॅल्शियम कमी पडल्याने होणारे खळगे. पोटॅश अजिबात वाढवू नका, ताई!

दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं आणि पान फळापेक्षा कितीतरी जास्त पाणी उडवतं, म्हणून पान भरलेलं आणि फळ उपाशी. फळात ते मुख्यतः पाकळ्या गळल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शिरतं. पुढे फळ फुगतं आणि त्यातलं कॅल्शियम विरळ होत जातं. तरुण झाडावर मोजकी, मोठी फळं म्हणजे धोका जास्त. नत्रासाठी मात्र पानच पाहा, जुलै मध्य ते ऑगस्ट मध्य, चालू वर्षाच्या फांदीच्या मधलं.

कोटखाईची_सून
यंदा नमुना कधी, कसा?

पालापाचोळा
तोडणीच्या तीनेक आठवडे आधी. वीस-पंचवीस झाडं, प्रत्येकाचं एक फळ, डोळ्याच्या उंचीवरचं, मध्यम आकाराचं. जुनी रॉयल आणि नवी झाडं एका पिशवीत घालू नका, सरासरी निघेल आणि ती कुणाचीच नसेल. नुसत्या सालीचे आकडे गराच्या आकड्यांशी ताडू नका, सालीत कॅल्शियम जास्त असतं.

हिमाचलात_नोकरी
उपायाचं सांगतो. इथे कॅल्शियम क्लोराइड ०.५ टक्के फवारतात, तोडणीच्या ४५ आणि ३० दिवस आधी. २०० लिटरच्या ड्रमला एक किलो. फवारा फळावर बसला पाहिजे, पानांतून फळात फारसं जात नाही. कडक उन्हात नको, पानांच्या कडा जळतात. चुना-जिप्समने जमीन सुधारेल, यंदाचं फळ नाही. तुमचा आकडा पाहता मी दोन फवारण्यांवर थांबणार नाही. पाकळ्या गळल्यापासून सौम्य प्रमाणात सुरू करेन. ते प्रमाण नौणीच्या फलोद्यान विद्यापीठात विचारून घ्या.

निफाडचा_द्राक्षवाला
आणि फळं विरळताना हात आखडता घ्या, फार मोठी होऊ देऊ नका. द्राक्षात उलटं करतो आम्ही :)

कोटखाईची_सून
सासऱ्यांना दाखवलं. पोटॅशची गोणी परत करायला तयार झालेत, पण फळ लहान ठेवण्यावर अजून वाद चालू आहे.