जुनं पुस्तक वर्डमध्ये टाइपलं की काम संपलं?

बोरूबहाद्दर: टीईआय, एक्सएमएल, म्हणजे मजकुरात खुणा घालून पुस्तक संगणकावर आणायच्या पद्धती, ही सगळी विद्यापीठीय थेरं. जुनं पुस्तक वर्डमध्ये टाइपा, आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे नीट करा, पीडीएफ चढवा. वाचकाला अजून काय हवं?

पोथीनिष्ठ: 'नीट करा' म्हणजे नक्की काय? १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला. त्याआधीच्या छपाईत ती चूक नव्हे, व्याकरण आहे. 'काम केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन, 'आंबे गोळा केले' हे पुल्लिंगी अनेकवचन. तुम्ही टिंब पुसलंत, भेदही पुसला. टीईआयमध्ये 'चॉइस' या खुणेच्या पोटात 'ओरिज' (मूळ रूप) आणि 'रेग' (आजचं रूप) दोन्ही राहतात. खिळा जुळवणाऱ्याची चूक 'सिक'मध्ये, दुरुस्ती 'कॉर'मध्ये, कसरीनं खाल्लेली जागा 'गॅप', संपादकानं भरलेलं 'सप्लाइड'. वर्डमध्ये हे सगळं एकाच रंगाचं.

बोरूबहाद्दर: दर 'केलें'ला चार खुणा! म्हणजे पुस्तक पुढच्या जन्मी.

कानामात्रा: खुणांचं राहू द्या, तुमच्या फायलीत 'दऱ्या' शोधून दाखवा. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) अधिक हलन्त (पाय मोडायची खूण, ०९४डी), किंवा साधा र (०९३०), हलन्त आणि न दिसणारा जोडक (२००डी). पडद्यावर डिट्टो, शोधात एकमेकांना ओळख नाही.

खिळेजुळाऱ्या: एनएफसी करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणारं प्रमाणीकरण. मिटलं.

कानामात्रा: काही मिटत नाही! एनएफसी जोडकाला हात लावत नाही. 'ॲ'चंही तेच: एकसंध ०९७२ आणि अ अधिक चंद्र, हे एनएफसीनंतरही वेगळेच. आणि खरा घात पुढे. 'अदृश्य कचरा' काढणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) जोडक उडवते आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो, दर्या. आचाऱ्यास दिलेली दक्षिणा आचार्यास पोचते.

खिळेजुळाऱ्या: म्हणून ऱ वापरा म्हटलं की झालं.

कानामात्रा: ऱ एनएफडीत, म्हणजे अक्षरं सुटी करणाऱ्या उलट्या प्रमाणीकरणात, गेला की र अधिक नुक्ता (खालचं टिंब) होतो. त्यावर हिंदीसाठी लिहिलेली नुक्ताकाढू स्क्रिप्ट फिरवली, की पुन्हा दर्याच. क्रम पाळा: आधी ०९३०-०९४डी-२००डी च्या जागी ०९३१-०९४डी, मग एनएफसी, कचरा सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर कुठला र कुठला होता ते छापील पान उघडूनच बघावं लागेल.

पोथीनिष्ठ: मूळ विषयावर येता का कुणी? दर शब्दाला खूण घाला असं मी कुठं म्हटलं? मजकूर मुळाबरहुकूम ठेवा, तसं फायलीच्या सुरुवातीला, हेडरमध्ये, एकदा नोंदवा. आधुनिक रूप शब्दांच्या यादीवरून यंत्र काढेल. खुणा फक्त जिथं तुम्ही स्वतः काही बदललं तिथं.

बोरूबहाद्दर: हे आधी सांगितलं असतंत तर एवढं रामायण झालं नसतं. चला, पंडितांच्या कृपेनं र तेवढा बदलतो. मुळाबरहुकूम प्रत तर माझ्याकडे आहेच.

पोथीनिष्ठ: मग तीच चढवा की!

बोरूबहाद्दर: युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात आहे.

कानामात्रा: म्हणजे फॉन्ट काढला की नुसती इंग्रजी अक्षरं. धन्य.