अनुभव धागा (जानेवारी २०२५): बचावाचे कोच बदलायचे का? (लायन्स, मिशिगन आणि इतर)

ट्रॉयवाला
काल रात्री फोर्ड फील्डवर आपले लायन्स, डेट्रॉईटचा अमेरिकन फुटबॉल संघ, हरले. वॉशिंग्टन ४५, आपण ३१. सकाळपासून आमच्या ग्रुपवर एकच घोषा चाललाय, बचावाचा प्रमुख कोच अ‍ॅरन ग्लेनला काढा, बचावाचे सगळे कोच बदला. ५ जानेवारीला याच ग्लेनच्या पोरांनी मिनेसोटाला ९ गुणांवर रोखलं तेव्हा हीच मंडळी त्याला डोक्यावर घेऊन नाचत होती.

ते वाचता वाचता मला २०१८ आठवलं. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, कोलंबसला मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, दोन्ही विद्यापीठांचे संघ. त्या दिवसापर्यंत मिशिगनचा बचाव देशात पहिला होता. कोच डॉन ब्राउन. त्याची पद्धत सरळ होती. प्रत्येकानं आपापला माणूस धरायचा, सोडायचा नाही, आणि बाकीच्यांनी क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, तुटून पडायचं. मोसमभर हे जबरदस्त चाललं. ओहायोनं काय केलं, तर रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, एकमेकांना छेदत आडवे पळवले. आपला खेळाडू आपल्या माणसामागे धावताना मध्येच दुसऱ्या कुणावर आदळायचा, नाहीतर अर्धं पाऊल मागे पडायचा, आणि तेवढ्यात चेंडू पोचलेला असायचा. पुन्हा तेच. परत तेच. मित्राच्या तळघरात बसलेल्या आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, पण मैदानावर काही बदलत नव्हतं. ६२-३९. पुढच्या वर्षी अ‍ॅन आर्बरला, घरच्या मैदानावर, ५६-२७.

२०२० चा मोसम २-४ असा, दोन विजय आणि चार पराभव, संपला तेव्हा ब्राउनला जावं लागलं. मिशिगनचा मुख्य कोच जिम हार्बॉनं मोठ्या भावाच्या बाल्टिमोर संघातून माइक मॅकडॉनल्ड नावाचा तिशीतला माणूस आणला आणि २०२१ मध्ये ओहायोला ४२-२७ हरवलं, २०११ नंतर पहिल्यांदा. म्हणजे कोच बदलू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण ब्राउनला वर्षानुवर्षं एकाच जागी मार बसत होता आणि त्याची माणसं धडधाकट होती. ग्लेनकडे माणसंच उरली नव्हती. हा फरक कुणी बघायलाच तयार नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. कुठलाही संघ चालेल, मुलांच्या शाळेचाही.

नोव्हीची_सखी
आम्ही हळदीकुंकवाला होतो, सगळे पुरुष वरच्या खोलीत टीव्हीसमोर. दुसऱ्या क्वार्टरमध्ये वरून एवढे आवाज आले की खाली उखाणा थांबला. मध्यंतराला ३१-२१ पिछाडी कळली आणि नवरा जेवलाच नाही. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

हॅमर_आणि_चिमटा
ट्रॉयवाला, शंभर टक्के. हचिन्सनचा पाय ऑक्टोबरात डॅलसला मोडला. मॅकनीलचा गुडघा गेला, कार्लटन डेव्हिसचा जबडा, मॅल्कम रॉड्रिगेझचा गुडघा थँक्सगिव्हिंगला. काल सुरुवातीलाच अमिक रॉबर्टसनचा हात मोडला. डझनाहून जास्त बचावपटू दुखापतींच्या यादीत आहेत. परवापरवापर्यंत घरी बसलेल्यांना फोन करकरून आणलं आणि उभं केलं. आणि काल आपण पाच वेळा चेंडू त्यांच्या हातात दिला, त्यातला एक तर थेट टचडाउनसाठी, शेवटच्या रेषेपलीकडे पळवला. तो काय ग्लेननं फेकला होता?

जुना_डेट्रॉईटकर
कोच बदलून काय होतं ते आमच्या पिढीला विचारा. २००८, ०-१६, ५१७ गुण दिले. बचावाचा कोच जो बॅरी हा मुख्य कोच मॅरिनेलीचा जावई. एका पत्रकारानं भर परिषदेत मॅरिनेलीला विचारलं, मुलीनं जरा बऱ्या बचाव कोचशी लग्न करायला हवं होतं असं वाटतं का? मला ते ऐकवलं नाही. माणसाच्या कामावर बोला, त्याच्या लेकीला कशाला मध्ये आणता.

मग सगळे गेले, सासरा, जावई, सगळे. नवा संच आला. २००९ ला किती गुण दिले? ४९४, पुन्हा लीगमध्ये सर्वात जास्त. कारण मैदानावर उतरवायला चांगले खेळाडूच नव्हते. २००८-०९ च्या हिवाळ्यात इथे गाड्यांच्या कंपन्या बुडायला आल्या होत्या, माझीही नोकरी गेली. रविवारी दुपारी मन रमवायला सामना लावायचा आणि तोही असा. त्या दिवसांत शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी मला पहिल्यांदा या खेळातल्या खाचाखोचा समजावल्या. ते आता नाहीत, पण १५-२ चा मोसम त्यांनी बघायला हवा होता.

नोव्हीची_सखी
काका, तुम्ही हे कधी बोलला नाहीत.

पुण्याहून_वाचक
मी फक्त क्रिकेटवाला. एक प्राथमिक प्रश्न. बचावाला वेगळा कोच कशाला लागतो? आणि 'माणूस धरायचा' याला दुसरा पर्याय काय असतो?

अ‍ॅनआर्बर_रहिवासी
@पुण्याहून_वाचक, इथे आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. चेंडूचा ताबा बदलला की अख्खा संच बदलतो. म्हणून बचावाचा एक प्रमुख, त्याच्या हाताखाली पुढच्या फळीचा कोच, मधल्या फळीचा म्हणजे लाइनबॅकरचा कोच, मागच्या फळीचा कोच. प्रत्येक खेळीआधी प्रमुख संकेत पाठवतो.

दुसरा पर्याय म्हणजे झोन. लहानपणी आट्यापाट्या खेळला असाल तर लगेच कळेल, आपली पाटी सोडायची नाही, तिथे जो येईल त्याला अडवायचं. मॅकडॉनल्डनं मिशिगनला आल्यावर दोन्हींची सरमिसळ केली आणि चेंडू सुटेपर्यंत नक्की काय आहे ते समोरच्याला कळू द्यायचं नाही यावर भर दिला. माझ्या मते ब्राउन जाऊन तो आला यापेक्षा हे शिकवणं महत्त्वाचं. तो एकाच वर्षात बाल्टिमोरला परत गेला, जेसी मिंटर आला, पण पद्धत तीच राहिली. २०२३ ला सामन्यामागे जेमतेम १० गुण दिले आणि ८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद. त्या रात्री साउथ युनिव्हर्सिटी रस्त्यावर इतकी गर्दी होती की मला घरी पोचायला मध्यरात्र उलटून गेली, आणि त्याचं काहीच वाटलं नाही.

पुण्याहून_वाचक
आट्यापाट्या! आता झटकन समजलं. धन्यवाद.

मडगांवकर
आमच्याकडचा फुटबॉल पायानं खेळतात, चालेल ना? २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलची (इंडियन सुपर लीग) अंतिम लढत. झिको कोच. ८७व्या मिनिटाला जोफ्रेनं फ्री किकवर गोल केला, एफसी गोवा २-१ पुढे, स्टेडियम पेटलेलं. माझ्या शेजारी बसलेला म्हातारा रडायला लागला. आणि मग शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाल्ले. एक आमच्याच गोलरक्षकाच्या अंगाला लागून आत गेला, दुसरा मेंडोझानं मारला. चेन्नईन ३-२. घरी जाताना बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही.

पुढे लोबेरा कोच म्हणून आला. काय सुंदर आक्रमण करायचे! पण मागे मोकळं रान असायचं आणि आम्ही दर सोमवारी नाक्यावर हेच भांडायचो, बचावासाठी कुणी खास माणूस आणा. २०१९ ची अंतिम लढत मुंबईला. जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेचं हेडर. बंगळूर १-०. आपलाच मुंबईचा मुलगा, त्याचं कौतुकही वाटलं आणि पोटात गोळाही आला. कॉर्नरला कुणी कुणाला धरायचं हे सराव करून घेतलेलं असतं. त्यामुळे ट्रॉयवाल्यांना मी एवढंच म्हणेन की शेवटच्या मिनिटांतले गोल पुन्हा पुन्हा बसत असतील तर कोचला विचारावंच लागतं.

हॅमर_आणि_चिमटा
मडगांवकर, वाचून काटा आला. २०२४ जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध आमचं हेच झालं. मध्यंतराला २४-७ पुढे आणि शेवटी ३४-३१ हरलो. आपल्या व्हिल्डॉरच्या हेल्मेटवर आपटून चेंडू त्यांच्या आयुकच्या हातात! त्यावर कुठला कोच काय करणार सांगा.

कॅन्टनची_आई
मुलांच्या संघाबद्दल लिहायला सांगितलंत म्हणून लिहिते. माझा मोठा हायस्कूलच्या पहिल्या वर्षी लाइनबॅकर होता. शाळेचं नाव लिहीत नाही. सुरुवातीचे सामने वाईट हरले. बाकावर बसून काही पालक मोठमोठ्यानं कोचच्या नावानं ओरडायचे, मुलांना ऐकू जायचं. तो कोच म्हणजे शाळेतलेच एक शिक्षक, संध्याकाळी थंडीत उभे राहून मुलांना टॅकल, म्हणजे समोरच्याला पकडून पाडायला, शिकवायचे. डोकं वर ठेव, नजर समोर, खांद्यानं लाव, हात आवळ. रोज तेच. माझ्या मुलाला त्या वर्षी एकदाही डोक्याला लागलं नाही, त्याचं श्रेय मी त्यांनाच देते.

मोसमाच्या मध्यातच त्यांना बाजूला केलं. नव्या माणसानं सगळे संकेत बदलले. मुलं पाहत राहायची, कुठे उभं राहायचं तेच कळेना. पुढचे सामने आणखी वाईट गेले. मुलगा गाडीत बसून गप्प असायचा. बदलायचंच असेल तर मोसम संपल्यावर बदला, आणि ज्यांनी मुलांना सुरक्षित ठेवलं त्यांना निदान नीट निरोप द्या. मला अजून त्याचा राग येतो.

नोव्हीची_सखी
कॅन्टनची_आई, डोळ्यांत पाणी आलं. त्या शिक्षकांना कार्ड पाठवा हो, इतक्या वर्षांनीही आवडेल त्यांना.

कॅन्टनची_आई
पाठवलं होतं. दर दिवाळीला फराळाचा डबाही जातो. त्यांना चकली आवडते.

दोन्हीकडून_बोलणारा
एक मुद्दा राहिला. सगळे कोच की एखादाच, हा वेगळा प्रश्न आहे. २०२२ आठवा. लायन्स १-६. मायामीविरुद्ध मध्यंतराला २७-१७ पुढे असून ३१-२७ हरले. दुसऱ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, मुख्य कोच कॅम्बेलनं मागच्या फळीचा कोच ऑब्री प्लेझंट याला काढलं. ग्लेनला ठेवलं. लोक म्हणाले चुकीचा माणूस गेला. पुढच्याच रविवारी ग्रीन बेला १५-९ हरवलं, त्यांचा क्वार्टरबॅक रॉजर्सचे तीन पास पकडले! उरलेल्या दहांपैकी आठ सामने जिंकून ९-८ वर मोसम संपला.

प्लेझंट गेला म्हणूनच ते झालं असं मी म्हणणार नाही, तरुण खेळाडू त्याच सुमारास रुळायला लागले होते. पण ग्लेन तेव्हा गेला असता तर पुढची दोन वर्षं झालीच नसती.

जुना_डेट्रॉईटकर
आमच्या आधीच्या कंपनीत पार्ट नाकारले जायला लागले की पहिला गुणवत्ता विभागाचा साहेब बदलायचे. डाय, म्हणजे साचा, झिजलेली असायची, ती तशीच. नवा साहेब यायचा, सहा महिन्यांनी तोही जायचा. शेवटी एका वयस्क मेकॅनिकनं डाय उघडून दाखवली तेव्हा कुठे पैसे मंजूर झाले. दोन्हीकडून_बोलणारा यांचं पटलं.

सध्या_ओहायोत
मीही बोलू का, की हाकलाल? :) २०२१ च्या त्या ४२-२७ नंतर आमच्याकडेही बचावाचा कोच बदलला, जिम नोल्स आले. पहिल्या वर्षी मिशिगननं ४५-२३ धुतलं तेव्हा इथेही 'काढा' सुरू झालं. ठेवलं त्यांना. काल रात्री अटलांटात नोत्र दाम विद्यापीठाला ३४-२३ हरवून आम्ही राष्ट्रीय विजेते झालो. वेळ द्यावा लागतो.

अ‍ॅनआर्बर_रहिवासी
अभिनंदन, मनापासून. ३० नोव्हेंबरला तुम्हाला हरवलं ते १३-१० मात्र आमच्याकडेच राहणार.

ट्रॉयवाला
सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. आताच बातमी आली, ग्लेन न्यूयॉर्क जेट्सचा मुख्य कोच होतोय. १९९४ मध्ये त्याला खेळाडू म्हणून जेट्सनंच निवडलं होतं. आक्रमणाचा कोच बेन जॉन्सन आधीच शिकागोला गेला. म्हणजे आमच्या ग्रुपवर ज्याला हाकलायचं चाललं होतं त्याला दुसऱ्यांनी सन्मानानं नेलं. माझ्याकडून त्याला खूप शुभेच्छा. २०२१ मध्ये तो आला तेव्हा हा संघ कुणी हातात घ्यायला तयार नव्हता.

हॅमर_आणि_चिमटा
आता केल्विन शेपर्डलाच बढती द्या. लाइनबॅकरचा कोच आहे, स्वतः लायन्सकडून खेळलाय, पोरं त्याच्यासाठी जीव टाकतात. बाहेरचा आणला तर संकेतांपासून सगळं नव्यानं, कॅन्टनच्या ताईंनी लिहिलं तसं होईल. हचिन्सन आणि मॅकनील बरे होऊन येऊ देत, मग हिशेब करू.

दोन्हीकडून_बोलणारा
+१. पण मागच्या फळीसाठी एक चांगला कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला रिसीव्हर अडवणारा, हवाच, डेव्हिसचा करार संपतोय.

नोव्हीची_सखी
विषयाबाहेरचं, पण शनिवारी नोव्हीहून विमानतळावर कुणी जाणार आहे का? सासूबाई येतायत, दोन मोठ्या बॅगा आहेत आणि आमची गाडी या थंडीत सुरूच होत नाहीये.

जुना_डेट्रॉईटकर
मी नेतो. फ्लाइटची वेळ कळव. बॅटरी तपासून घे, बहुतेक तीच गेली असणार.