आयडलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, इंजिन खोलायचं का?

सातारी_८००:
मंडळी, बाबांची २००४ ची मारुती ८०० आहे, १ लाख ३८ हजार झालेत. रविवारी पुण्याहून येताना खंबाटकी चढून सुरूरला चहाला थांबलो तर आयडलला तो किटलीवाला लाल दिवा लुकलुकायला लागला, जरा रेस दिली की विझतो. सकाळी गार इंजिनला काहीच नाही. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेला आहे, बदलून ३ हजार पण झाले नाहीत. गॅरेजवाला म्हणतो बेअरिंग गेलं, इंजिन बांधावं लागेल. बाबा म्हणतात विझतो ना, मग चालव. काय करू?

दहा_बाराचा_पाना:
आधी बाबांकडून किल्ली काढून घे. तो दिवा ऑइलचं प्रेशर साधारण ५ पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं एकक) आसपास आलं की पेटतो, म्हणजे पेटतो तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलंच असतं. पण न मोजता बेअरिंग गेलं हे त्याला कळलं कसं? ब्लॉकवरचा प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावायला सांग (आटे जुळतात का बघा, जबरदस्ती पिळू नका). फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन तापवा, मग आयडलला आणि ३००० आरपीएमला रीडिंग घ्या. मोटामोटी दर हजार आरपीएममागे १० पीएसआय हवं. आयडलला कमी पण रेसला व्यवस्थित चढत असेल तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंगमधली फट वाढलीय. रेस देऊनही चढतच नसेल तर ऑइल पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) नाहीतर चेंबरमधली, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली, पंपाची जाळी. गेजवर प्रेशर चांगलं निघालं तर स्विचच खराब, तो स्वस्तात येतो.

घाटवाला:
२०डब्ल्यू५०, म्हणजे जाड ऑइल टाक, दिवा गायब. माझ्या जुन्या गाडीला तेच केलं, विकेपर्यंत काही झालं नाही.

दहा_बाराचा_पाना:
आणि ज्याने घेतली त्याचं काय झालं तेही सांगा की. जाड ऑइलने दिवा विझेल हो, पण जाळी तुंबली असेल तर जाड ऑइल गार इंजिनला अजूनच कमी खेचलं जाणार.

कोल्हापुरी_चाक:
आमच्या काकांनी असाच दिवा बघत बघत गाव गाठायचं ठरवलेलं, १२ किलोमीटर राहिले होते फक्त. आधी ठकठक आली, ती त्यांनी टेप मोठा करून घालवली, मग इंजिन जागेवर बसलं. खोललं तर बेअरिंग क्रँकला चिकटलेलं, रॉड निळा पडलेला. दिवा पेटून राहिला की बाजूला घे आणि बंद कर, पुढच्या पंपापर्यंत वगैरे काही नाही. आणि एक विचारतो, चेंबर कुठे दगडाला घासलाय का? आत दबला की जाळी तळाला टेकते, पट्टीवर ऑइल दिसतं पण पंपाला मिळत नाही.

सातारी_८००:
सॉरी, उशीर झाला. दुसरीकडे गेज लावून बघितलं, गरम इंजिनला आयडलला ४ आणि ३००० ला जेमतेम ११. चेंबरला चेपा होताच, गावच्या रस्त्यावरचा असणार, पण उतरवल्यावर जाळीत सिलिकॉनचे तुकडे निघाले, मागे कोणीतरी गॅस्केटला ढीगभर चोपडलेलं. चेंबर ठोकून घेतला, जाळी, फिल्टर, ऑइल नवीन. आता १४ आणि ३८ दाखवतंय. खालून एक बेअरिंग काढून बघितलं, थोड्या रेघा आहेत, पण मेकॅनिक म्हणाला अजून चालेल. बाबांनी तो गेज परत द्यायला नकार दिलाय, डॅशबोर्डला कायमचा लावायचा म्हणतात. ऑइलची नळी आत केबिनमध्ये आणणं सेफ आहे का?

दहा_बाराचा_पाना:
नको, फुटली तर गरम ऑइल पायावर. सेंडरवाला इलेक्ट्रिक गेज घे, सेन्सर इंजिनवर राहतो, आत फक्त वायर येते.