पाडवा अंकात रश लिंबॉ: एक पान द्यावं का?

मंडळी, नमस्कार.

बुधवारी, १७ फेब्रुवारी २०२१ला, रेडिओवर रोज राजकारणावर बोलणारे, रिपब्लिकन पक्षाच्या बाजूचे रश लिंबॉ गेले. सत्तर वर्षांचे होते, फुप्फुसाचा कर्करोग. आपल्याच मिझुरीतले, केप जिराडोचे. आय-५५ महामार्ग धरून खाली गेलं की इथून दोन तास. आपल्या वार्तापत्राच्या पाडवा अंकात त्यांच्यावर एक पान लिहावं असं माझ्या मनात आहे. बऱ्याच जणांना रुचणार नाही याची कल्पना आहे, म्हणून छापण्याआधी इथे विचारतो.

मी १९९१ साली इथे आलो. बॉयलरचे सुटे भाग विकायला मिझुरी आणि दक्षिण इलिनॉय पालथं घालायचो. सकाळचे अकरा वाजले की गाडीत त्यांचा आवाज सुरू व्हायचा तो दोनपर्यंत. एखाद्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये डबा उघडायचा, पोळीभाजी खायची आणि ऐकायचं. सहसा पाहुणा नाही, लिहून आणलेलं भाषण नाही, एकटा माणूस तीन तास बोलतोय. मधेच कागद माइकसमोर फडफडवायचे, टेबलावर थाप मारायचे. ती फडफड अजून कानात आहे. इंग्रजी मला येत होतं, पण इथली माणसं आपसांत कशी बोलतात ते मी त्यांच्याकडून शिकलो. जेवणाच्या खोलीत माझ्याशी कोणी दोन शब्द बोलत नसे. एकदा मी रशचं काहीतरी सांगितलं, तर दोघांनी खुर्ची सरकवून जागा दिली.

त्यांचं कर्तृत्व लहान नव्हतं. संगीत एफएमवर गेलं होतं, एएम रेडिओ ओस पडत चालला होता. १९८७ साली सरकारने फेअरनेस डॉक्ट्रिन काढून टाकलं, म्हणजे वादाच्या विषयात दुसरी बाजूही ऐकवायचं बंधन उरलं नाही. १ ऑगस्ट १९८८ला न्यूयॉर्कहून त्यांचा देशभराचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे सहाशेहून जास्त केंद्रांवर गेला. १९९४ साली रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं, तेव्हा नव्या खासदारांनी त्यांना आपलं मानद सदस्य करून घेतलं. ल्युकेमियाच्या संशोधनासाठी दरवर्षी रेडिओवरून ते निधी गोळा करत. माझा धाकटा भाऊ त्याच आजाराने गेला. म्हणून मी दरवर्षी चेक पाठवायचो, छोटाच, पण न चुकता.

आणखी एक, आपल्या लोकांना माहीत नसलेली गोष्ट. त्यांचे आजोबा, त्यांचंही नाव रश, मोठे वकील होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्यांना भारतात पाठवलं होतं, आपल्या न्यायक्षेत्रातल्या लोकांना भेटायला.

मरणान्तानि वैराणि म्हणतात. आपलं मत कळवा.

— काका, वार्तापत्र समिती

* * *

मंडळी,

दोन जणांनी खाजगीत विचारलं म्हणून सांगते. आपली संस्था करमुक्त आहे, त्यामुळे कुठल्याही उमेदवाराचा प्रचार आपल्याला चालत नाही. दिवंगत माणसाबद्दल लिहिणं हा प्रचार नाही. बोला, फक्त एकमेकांना धरून बोला.

— यादी सांभाळणारी

* * *

काका, नमस्कार.

तुमची मेल दोनदा वाचली. पार्किंगमधला डबा डोळ्यांसमोर आला. त्या आवाजाने तुम्हाला सोबत केली हे मला पूर्ण मान्य आहे. त्यांचा रेडिओ इतका चालला तो त्या सोबतीमुळेच, निव्वळ राजकारणावर कोणी रोज तीन तास ऐकत नाही. पण माणूस ज्याच्याबरोबर रोज जेवतो त्याच्यासारखाच हसायला लागतो, आणि माझं दुखणं तिथे आहे.

ऑक्टोबर २००६ आठवतो? सिनेटची निवडणूक आपल्याच राज्यात होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार क्लेअर मॅकॅस्किल यांच्यासाठी अभिनेते मायकल जे. फॉक्स यांनी टीव्हीवर जाहिरात केली होती. पार्किन्सनमुळे त्यांचं अंग सारखं हेलकावत होतं. रशनी स्टुडिओतल्या कॅमेऱ्यासमोर हात झुलवत, अंग हलवत त्यांची नक्कल केली. म्हणाले, एकतर यांनी औषध घेतलेलं नाही किंवा हा अभिनय आहे. चुकलं असेल तर माफी मागतो, असंही नंतर म्हणाले. पण नक्कल तोवर घरोघरी पोचली होती.

मी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे आणि माझ्या बाबांना चौदा वर्षं पार्किन्सन आहे. साताऱ्याला सकाळी पहिल्या गोळीआधी बाबांची बोटं लाकडासारखी असतात, कपबशी त्यांच्यापुढे असते आणि चहा निवत जातो. लेव्होडोपाची गोळी घेतली की तासाभरात हात मोकळा होतो, बाबा स्वतःच्या हाताने चहा पितात. आणि त्याच वेळी खांदे, मान, कंबर झुलायला लागतात. वर्षानुवर्षं घेतलेल्या औषधाची ती किंमत आहे. म्हणजे फॉक्स हलत होते, कारण त्यांनी औषध घेतलं होतं. रशनी सांगितलं ते नेमकं उलटं होतं. एका लग्नात बाबांच्या मागच्या रांगेतून ‘सकाळीच घेऊन आलेत वाटतं’ असं ऐकू आलं होतं. बाबांनी मला घरी चल म्हणून खूण केली. तिथे तर रश लिंबॉ कोणाला माहीतही नव्हते. पण असल्या हसण्याला लाखो माणसांसमोर परवानगी देणारा माणूस मला नुसता वादग्रस्त वाटत नाही.

हे एकदाच घडलं असतं तर मी गप्प बसले असते. १९९०च्या सुमारास एड्सने मेलेल्यांच्या बातम्या ते गाणी लावून सांगत. त्याची खंत त्यांनी नंतर व्यक्त केली, हे तुमच्या पानात जरूर यावं. २०१२ साली गर्भनिरोधकांच्या विम्याबद्दल बोलणाऱ्या सँड्रा फ्लुक या विद्यार्थिनीला त्यांनी वेश्या म्हटलं. जाहिरातदार सोडून जायला लागले, तेव्हा माफी आली. करोना म्हणजे साधी सर्दी, हे त्यांनी २४ फेब्रुवारी २०२०ला सांगितलं. त्यानंतरचं वर्ष आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. शरीर दगा देतं म्हणजे काय, हे त्या माणसाला ठाऊक होतं. २००१ साली त्यांचं ऐकणं जवळजवळ गेलं, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवलं, आणि तरी ते रोज रेडिओवर बसले. ही जिद्द साधी नाही. २००३ साली वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाची त्यांनी स्वतः कबुली दिली. १९९५ साली हेच म्हणाले होते की ड्रग्ज घेणाऱ्यांना दोषी ठरवून तुरुंगात धाडा. त्यांच्या वाट्याला उपचार आले, आणि ते यायलाच हवे होते. माझ्या खिडकीशी उभे राहणाऱ्या कित्येकांच्या वाट्याला येत नाहीत. हे सगळं भोगूनही तीन वर्षांनी फॉक्सची नक्कल त्यांना सुचली कशी, याचं उत्तर मला मिळत नाही.

मरणान्तानि वैराणि मलाही मान्य आहे. पण रामाने ते विभीषणाला सांगितलं ते रावणाचे अंत्यसंस्कार कर म्हणून. रावणाने काय केलं ते सांगू नकोस, असं तो म्हणाला नाही. पान द्या काका, पण पूर्ण द्या.

— तुमची ताई (ग्रंथालय विभाग)

* * *

ताई,

रात्री उत्तर लिहायला बसलो आणि ठेवून दिलं. आज लिहितो.

त्या ऑक्टोबरात मी गाडीतच होतो. नक्कल दिसली नाही, पण ऐकली, आणि मी हसलो होतो. एकटाच होतो, तरी मोठ्याने. घरी येऊन तुझ्या काकूलाही सांगितलं. ती हसली नाही. का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

मी त्यांना टाकून देणार नाही. त्या पहिल्या वर्षात त्यांच्याशिवाय मला कोणी नव्हतं, आणि भावाच्या नावाने चेक पाठवायची वाटही त्यांनीच दाखवली. हे मी लिहिणार. पण त्याच पानावर १९९०चं येईल, २००६चं येईल, आणि मी हसलो तेही येईल. शीर्षकातून ‘आदरांजली’ काढतो, नुसतं नाव ठेवतो.

गोळीचा आणि हलण्याचा संबंध मात्र तू लिही. चार ओळी पुरेत. माझ्याकडून त्यात चूक व्हायला नको. सोमवारपर्यंत दिलंस तरी चालेल. बाबांना माझा नमस्कार सांग.

— काका