मदत हवी आहे: उन्हातून आलेल्या माणसाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मंद उजेडात चादर कशी दाखवायची?

मंडळी, सोलापुरात जुन्या यंत्रमागाच्या शेडमधे चादरींचं छोटं म्युझियम करतोय. जुन्या सुती कापडावर ५० लक्सच्या वर उजेड नको म्हणून छताच्या काचांना यूव्ही (अतिनील) किरण अडवणारी फिल्म लावली, आतून मांजरपाट ताणला, मीटरवर ४८ येतंय. पण रणरणत्या उन्हातून आत आलं की डोळ्यांपुढं अंधारी, चादरीवरचा मोर दिसेपर्यंत शाळेची पोरं पुढं गेलेली असतात, जीव तुटतो बघून. वास्तुकार लुई कानच्या अमेरिकेतल्या किम्बेल म्युझियममधे छताच्या फटीतला उजेड अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरून काँक्रीटवर पसरवलाय, फार सुंदर, पण इथं छताला हात लावायचा नाही. दारापुढं २५ फुटी व्हरांडा आहे, तो झाकून उजेड हळूहळू कमी करायचा विचार आहे. एसी नाही, बजेट थोडं. कुणी केलंय का असं? किती टप्पे, प्रत्येकाला किती लक्स, आणि पोरं तिथं दोन मिनिटं थांबतील असं काय ठेवू?