‘एन्जॉइन’ म्हणजे कर की करू नको?

प्रश्न : पुनर्विकासाच्या वादातला कोर्टाचा हुकूम सोसायटीच्या फलकावर मराठीतून लावायचा आहे. वाक्य असे : ‘द डिफेन्डन्ट्स आर हिअरबाय एन्जॉइन्ड फ्रॉम क्रिएटिंग एनी थर्ड पार्टी राइट्स इन द सूट फ्लॅट, अन्टिल फर्दर ऑर्डर्स.’ कोशात एन्जॉइनचा पहिला अर्थ ‘आज्ञा करणे, फर्मावणे’ असा दिसतो. त्या अर्थाने वाक्य उलटेच होते. नेमके काय समजायचे?

उत्तर : कोश चुकलेला नाही, तुम्ही पहिल्या अर्थावर थांबलात एवढेच. या क्रियापदाला दोन्ही अर्थ आहेत आणि कुठला घ्यायचा ते बहुतेक वेळा पुढचे प्रीपोझिशन सांगते. ‘टू’ आला की करायला सांगितले, ‘फ्रॉम’ आला की करायला मनाई. तुमच्याकडे फ्रॉम आहे, तेव्हा : ‘दाव्यातील सदनिकेत कोणत्याही तिऱ्हाइताचे हक्क निर्माण करण्यास प्रतिवादींना मनाई करण्यात येत आहे.’

तिसरी रचना ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ची. तिच्यात माणूस मागे जातो आणि गोष्ट पुढे येते : ‘सीक्रसी इज एन्जॉइन्ड ऑन ऑल मेंबर्स.’ म्हणजे गुप्तता पाळणे सर्वांवर बंधनकारक. इथे ‘गुप्ततेला मनाई’ असे भाषांतर झाले तर सगळाच घोटाळा.

खरी पंचाईत प्रीपोझिशन नसते तेव्हा. ‘द कोर्ट एन्जॉइन्ड द डेमॉलिशन’ म्हणजे कोर्टाने पाडकाम थांबवले. ‘द रिलिजन एन्जॉइन्स फास्टिंग’ म्हणजे धर्म उपवास करायला सांगतो. वाक्याची ठेवण तीच, अर्थ उलटे. अशा वेळी कर्ता पाहायचा. कोर्ट, न्यायाधीश, हुकूम असेल तर सहसा ‘थांबवले’. धर्म, रूढी, वडीलधारे, नियमावली असेल तर ‘करायला सांगितले’. सहसा म्हणतो, कारण रिट अर्जांत ‘ड्यूटी एन्जॉइन्ड बाय लॉ’ हा प्रयोग नेहमीचा आहे आणि तो कोर्टाच्या कागदात असूनही त्याचा अर्थ ‘कायद्याने घातलेले कर्तव्य’ एवढाच.

पुरवणी, व्युत्पत्तीची : लॅटिन ‘इन्युंगेरे’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. त्यातले ‘युंगेरे’ म्हणजे जोडणे, जुंपणे. जॉइन, जंक्शन, इन्जंक्शन (कोर्टाचा मनाईहुकूम) ही सगळी त्याच घरातली. आपला ‘युज्’ धातू याच कुळातला, आणि बैलाच्या मानेवरचे ‘जू’सुद्धा. संस्कृतात ‘नियोग’चा एक अर्थ आज्ञा असाच आहे. मूळ कल्पना मानेवर काहीतरी ठेवण्याची. जू ठेवल्यावर बैलाला चालवायचे की थोपवायचे हे कासऱ्यावर ठरते. एन्जॉइनचा कासरा म्हणजे ते टू आणि फ्रॉम.

म्हणून मराठीत याला सर्वांत जवळचे क्रियापद मला ‘बजावणे’ वाटते. ‘वेळेवर ये म्हणून बजावले’, ‘पुन्हा इथे दिसू नकोस म्हणून बजावले’, दोन्ही चालते. ‘ताकीद देणे’चेही तेच. आज्ञा करणे आणि मनाई करणे या दोघांत निवड करत बसण्यापेक्षा साध्या गद्यात बजावणे घ्या, अर्थ आपोआप नीट बसतो.

दुरुस्ती : साध्या गद्यात ठीक, पण कोर्टाच्या कागदात ‘बजावणे’ नको. तिथे समन्स बजावतात, नोटीस बजावतात. ‘प्रतिवादींना बजावण्यात आले’ वाचून माणूस विचारणार, काय बजावले? नोटीस? हुकुमासाठी ‘मनाई’च बरी. ‘तूर्तातूर्त (तात्पुरती) मनाई’, ‘निरंतर (कायमची) मनाई’ हे शब्द आपल्याकडच्या कोर्टांत रुळलेले आहेत. इन्जंक्शनला ‘व्यादेश’ हा परिभाषेतला शब्द बरोबर आहे, पण फलकासमोर उभ्या राहिलेल्या सभासदाला तो कळणार नाही.

आणखी एक. आपल्या कायद्यांत हे क्रियापद वाटते तितके येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 39 तात्पुरत्या मनाईचा, पण तिथे शब्द ‘रिस्ट्रेन’ म्हणजे रोखणे हा आहे. एन्जॉइन ठळकपणे भेटते ते 1963च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 37(2) मध्ये, ‘पर्पेच्युअली एन्जॉइन्ड फ्रॉम’ असे, म्हणजे पुन्हा फ्रॉमच. कोर्टात वकील सर्रास ‘इन्जंक्ट’ म्हणतात. ते कोशांत आहे, तरी काहींच्या कानाला खटकते. लिहिताना ‘रिस्ट्रेन’ लिहावे, कोणी बोट ठेवणार नाही.

भाषांतर उलटे झाले तर काय होते, तेही सांगतो. आदेश 39, नियम 2-अ खाली मनाई मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, दिवाणी तुरुंगात 3 महिन्यांपर्यंत ठेवता येते. ‘फलकावर तसे लिहिले होते’ ही सबब ऐकून घेतली जाईल या भरवशावर राहू नका. फलकावर मराठीच्या खाली मूळ इंग्रजी वाक्यही लावा.

छोटी भर, वापरणाऱ्यांसाठी : उच्चार ‘इन्जॉइन’, जोर ‘जॉइन’वर. हे वरून खाली जाणारे क्रियापद आहे. ‘मेंबर्स आर एन्जॉइन्ड टू पे मेन्टेनन्स बाय द टेन्थ’ व्याकरणात बसते, पण सेक्रेटरी एकदम न्यायमूर्तींच्या खुर्चीत बसल्यासारखा वाटतो. ‘रिक्वेस्टेड’ किंवा ‘रिक्वायर्ड’ लिहा. ‘एन्जॉइन अस इन द सेलिब्रेशन’ हे तर साफ चूक, तिथे ‘जॉइन’ हवे. ‘टू’नंतर ‘नॉट’ आला, ‘एन्जॉइन्ड नॉट टू पार्क’, तर तीही मनाईच. ‘फ्रॉम’नंतर मात्र नॉट घालू नका, दोन नकार एकमेकांना खातात.

प्रश्नकर्ता : आभार. मसुदा असा केला आहे : ‘पुढील हुकूम होईपर्यंत दाव्यातील सदनिका विकण्यास, गहाण ठेवण्यास किंवा लीव्ह अँड लायसन्सवर देण्यास प्रतिवादींना मनाई आहे.’

उत्तर : ‘पुढील हुकूम होईपर्यंत’ सुरुवातीला घेतलेत ते उत्तम, शेवटी टाकले की लोक वाचतच नाहीत. पण ‘विकण्यास, गहाण ठेवण्यास’ ही यादी हुकुमात आहे का? लीव्ह अँड लायसन्सने मालमत्तेत हक्क निर्माण होतो का, हा वेगळाच वादाचा मुद्दा आहे, तो फलकावर सोडवू नका. ‘तिऱ्हाइताचे कोणतेही हक्क निर्माण करण्यास’ एवढेच ठेवा. आणि ‘मनाई आहे’ऐवजी ‘मा. न्यायालयाने मनाई केली आहे’ असे, दाव्याचा क्रमांक आणि हुकुमाची तारीख घालून. नाहीतर ही मनाई कमिटीने केली असे समजून पहिली तक्रार तुमच्याकडेच येईल.