मदत हवी आहे: फ्लॅट-पॅक कपाटांना जुन्या सागवानाची शटरं बसवायचीत, कूलरच्या हवेत टिकतील का?

नमस्कार मंडळी. आम्ही जळगावला राहतो. हॉलच्या भिंतीला ओळीने लावायला तीन फ्लॅट-पॅक कपाटं घेतली, घरी जोडायची असतात ती. बॉक्स जोडून झालेत, लेव्हल बघून भिंतीला घट्ट पण केलेत, फक्त त्यांच्यासोबत आलेली पांढरी शटरं लावलेली नाहीत आणि लावायचीही नाहीत. कारण असं की यावल तालुक्यातलं आमचं सासरचं धाब्याचं घर यंदा उतरवलं, त्यात माळ्याच्या सागवानी फळ्या निघाल्या. बाकीचं लाकूड विकलं गेलं, या फळ्या मी मागून घेतल्या. आजेसासरे सांगायचे की हे सातपुड्याचं लाकूड आहे. खालची बाजू चुलीच्या धुराने काळी कुळकुळीत झालीय, पण मिस्त्रींनी एका कोपऱ्यावर रंधा मारून दाखवला तर आतून पिवळसर तपकिरी रंग आणि सागाचा तो तेलकट वास अजून तसाच. हे लाकूड पाट-चौरंग करून संपवायचं नाही, रोज हात लागेल अशा ठिकाणी घरात राहायला पाहिजे, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता मापं सांगते. प्रत्येक बॉक्स 800 मि.मी. रुंद, 720 उंच, बाजूच्या पाट्या 18 मि.मी. पार्टिकल बोर्डच्या. आतल्या बाजूने पुढच्या कडेपासून 37 मि.मी. वर भोकांची उभी रांग आहे, भोकं 32-32 मि.मी. वर. शटर बाजूच्या पाटीला बाहेरून झाकतं, म्हणजे फुल ओव्हरले, आपल्याकडे दुकानात झिरो क्रँक ऑटो हिंज म्हणतात ते. एका बॉक्सला दोन शटरं, दोघांच्या मधे 3 आणि बाहेरच्या कडांना दीड-दीड मि.मी. फट सोडली तर एक शटर 397 बाय 717 येतं. मिस्त्री काका सुतात मोजतात, त्यांच्या भाषेत मधली फट एक सूत. माणूस हाताचा फार चांगला आहे, पण त्यांनी अशी रेडीमेड भोकांची कपाटं कधी केलेली नाहीत.

काकांनी दोन मार्ग सांगितलेत. एक म्हणजे दोन-तीन फळ्या फेव्हिकॉलने जोडून पूर्ण एक इंची जाड सलग शटर करायचं, मजबूत होतं म्हणे. नाहीतर फळ्या पातळ चिरून आणायच्या आणि त्याच पांढऱ्या शटरवर पुढून चिकटवायच्या, म्हणजे बिजागरीची भोकं आयती मिळतात.

माझी भीती हवेची आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये 44-45 च्या पुढे जातं आणि हवा इतकी कोरडी की धुतलेले कपडे तासाभरात कडक होतात. त्यात आमचा कूलर बरोबर या भिंतीच्या समोरच्या खिडकीत, दिवसभर ओली हवा थेट शटरांच्या तोंडावर, आणि बॉक्सच्या आत मात्र कोरडं. मग जुलैपासून सगळीकडेच दमट. अशात सलग फळी पापडासारखी वळणार नाही का? आणि फुगली तर एका सुताची फट पुरेल का?

अजून एक, मला सहाही शटरांवर लाकडाच्या रेषा आडव्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसायला हव्यात. जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, पण लाकूड बदला असं कृपया सुचवू नका.

प्रतिसाद

ताई, धुळ्याहून लिहितोय, फर्निचरचंच काम आहे आमचं. तुमची भीती खरी आहे आणि कूलरचं तुम्ही बरोबर पकडलं, ते कोणी सांगत नाही. लाकूड दोन्ही बाजूंनी सारखं ओलं-कोरडं झालं तर नुसतं रुंद-अरुंद होतं, एकाच बाजूने झालं की वळतं.

पुढून चिकटवायचा मार्ग आधी डोक्यातून काढा. पांढऱ्या शटरच्या एकाच तोंडावर सागवान चिकटवलं की ते फुगताना-आकसताना मागच्या बोर्डाला ओढतं, आणि अख्खं शटर धनुकलीसारखं होतं. वजन वाढतं ते वेगळंच.

आता सलग फळीचा हिशोब बघा. साग त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत रेषांच्या आडव्या दिशेने 5 ते 6 टक्के आकसतो. घरात वर्षभरात लाकडातल्या ओलाव्यात 4 टक्क्यांचा फरक धरला तरी 400 रुंदीत 3 मि.मी. ची हालचाल झाली. उभ्या रेषांची सलग शटरं केली तर दोन्ही बिजागरीकडून मधे वाढतात, म्हणजे 6, आणि तुमची फट 3. घासणारच. रेषा आडव्या ठेवल्या तर रुंदी जवळपास हलत नाही पण उंची हलते, 717 ला साडेपाच मि.मी. पर्यंत, आणि वळायची भीती तशीच राहते. फळीचं डोकं बघा, वाढीची वर्तुळं तिथे उभी दिसत असतील तर हालचाल निम्म्याहून कमी होते, तशा फळ्या वेगळ्या काढून ठेवा.

माझ्या मते चौकटीचं शटर करा, जुन्या दारांना असतं तसं. चौकटीच्या पट्ट्या 60 मि.मी. रुंद, 19 जाड, आत 10 मि.मी. खोल खाच, आणि त्या खाचेत मधला पॅनेल मोकळा बसवायचा. पॅनेलला फेव्हिकॉल अजिबात लावू नका, फक्त चौकटीचे सांधे चिकटवा. पॅनेलच्या रेषा आडव्या ठेवणार असाल तर त्याची वाढ वर-खाली होईल, खाचेत वर-खाली 3-3 मि.मी. जागा सोडा. मग हवा कितीही बदलो, बाहेरचं माप जवळपास तेच राहतं, कारण हलणारं लाकूड फक्त पट्ट्यांच्या रुंदीएवढंच.

आणि पूर्ण इंच जाडी नको. 25 मि.मी. चं शटर उघडताना त्याची कड शेजारच्या बॉक्सच्या शटरला लागते, दीड मि.मी. फटीत ते फिरतच नाही. 19 ला झिरो क्रँक आरामात चालतं. एक शटर साडेतीन किलोच्या आत बसेल, दोन हिंज पुरे.

धागाकर्ती

दादा, खूप आभार, हे वाचून काकांनाही पटलं, जुन्या घराच्या दारांची चौकट तशीच होती म्हणाले. पण 60 च्या पट्टीत हिंजचा 35 चा कप, म्हणजे शटरच्या मागे गोल भोकात बसतो तो भाग, बसेल का? खाचेला भिडणार नाही ना? आणि चौकट आली की माझी सलग रेष तुटणार, तिचं काय?

प्रतिसाद

बसतो ताई. कडेपासून 5 मि.मी. सोडून कपाचं भोक, म्हणजे मध्यबिंदू कडेपासून साडेबावीसवर, भोक 40 ला संपतं. खाच आतल्या बाजूने 50 ला सुरू होते, मधे 10 मि.मी. लाकूड शिल्लक. खोली साडेबारा, 19 मधे मागे साडेसहा उरतं. भोक 35 च्या बिटनेच मारा, हाताच्या ड्रिलने नको, स्टँडवर. स्क्रूसाठी आधी बारीक भोक, जुना साग कडक असतो, कडेला चिरतो.

रेषेचं असं करा, सहाही पॅनेल एकाच फळीच्या लांबीतून ओळीने कापा आणि कापताना मागे खडूने नंबर टाका. मधे चौकट आली तरी डोळा रेष जोडून घेतो. उंचीला एक फळी पुरणार नाही, म्हणून खालच्या-वरच्या फळ्यांचंही तसंच.

वखारीत चिरायला नेण्याआधी लोहचुंबक फिरवा, माळ्याच्या फळीत खिळे राहतातच आणि पात्याला लागले की वखारवाला पुढची फळी घेत नाही. चिरून आणल्यावर लगेच जोडायला बसू नका, मधे पट्ट्या ठेवून त्याच हॉलमधे थप्पी लावून थोडे आठवडे राहू द्या. चिकटवायच्या जागा थिनरने पुसा, सागाच्या तेलाने फेव्हिकॉल धरत नाही. आणि पॉलिश पुढे जितके हात तितकेच मागे आणि कडांना, कूलर समोर आहे म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं.

धागाकर्ती

समजलं. आधी एकच शटर करून कूलरच्या अगदी समोरच्या बॉक्सला लावतो, ते पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा काढेल, बाकीच्यांचं लाकूड तोवर हॉलमधे थप्पीत. इतर बॉक्सना तोपर्यंत पडदा. जळगाव-भुसावळकडे कोणाकडे लाकडातला ओलावा मोजायचं मीटर असेल आणि एक दिवस द्यायला जमत असेल तर इथेच कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.